पुण्यातली जोडपी आणि न पोचलेली बातमी

एचआयव्हीबद्दल आपल्या घराघरांत जी माहिती आहे, ती बहुतेक नव्वदच्या दशकातली आहे. एड्स म्हणजे मरण, हे त्या काळच्या भित्तिपत्रकांनी मनावर ठसवले. तेव्हा ते खोटेही नव्हते. प्रभावी औषधे १९९६ च्या सुमारास आली. भारतात ती सरकारतर्फे मोफत मिळायला २००४ साल उजाडले. त्यानंतरचा इतिहास मात्र आपल्यापर्यंत पोचलाच नाही, असे मला वाटते.

२००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एड्स आयोगाने एक निवेदन काढले. नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तात सहा महिने विषाणू सापडत नाही आणि ज्याला दुसरा गुप्तरोग नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर बरीच टीका झाली. लोक निरोध वापरणे सोडतील ही भीती होती आणि पुरावाही तोकडा होता.

पुरावा २०११ मध्ये आला. नऊ देशांतली १७६३ जोडपी अभ्यासात होती; प्रत्येकात एकाला लागण झालेली, दुसऱ्याला नाही. पुणे आणि चेन्नईची जोडपीही त्यात होती. जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ प्रकरणे आढळली. त्यांपैकी २७ उशिरा औषधे सुरू केलेल्या गटातली होती, लवकर सुरू केलेल्या गटातले फक्त एक. २०१६ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने आणखी स्पष्ट सांगितले: विषाणू दबलेला असताना निरोधाविना आलेल्या सुमारे ५८ हजार संबंधांतून जोडीदाराला एकदाही लागण झाली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस रिचमन यांनी मोहीम उभी केली. तिचा अर्थ साधा: सापडत नाही, म्हणजे पसरत नाही.

याला मर्यादा आहेत. गोळ्या रोज आणि कायम घ्याव्या लागतात. इतर गुप्तरोगांपासून हे संरक्षण नाही. सुईतून किंवा अंगावरच्या दुधातून होणाऱ्या लागणीला हाच नियम लावता येत नाही.

पुण्यातल्या जोडप्यांनी जगाच्या ज्ञानात भर घातली आणि त्याच महाराष्ट्रात आजही कुणाचे ताट वेगळे होते, सून माहेरी धाडली जाते, ठरलेला निकाह मोडतो. बदनामीच्या धास्तीने माणूस तपासणी टाळतो. तपासणी नाही म्हणून औषध नाही, आणि औषध नाही म्हणून विषाणू पसरत राहतो. म्हणून हा रोग कुणाला कुठून लागला, ही चौकशी आता पुरे. विचारायचेच असेल तर त्या माणसाला मायेने एवढेच विचारावे: औषध चालू आहे ना? व्हायरल लोडची तपासणी झाली का?