कल्याणचें बंदर आणि वाटेंतला खोळंबा

परदेशीं निघालेला प्रवासी मधल्या मुक्कामाची पारख दोन गोष्टींवरून करतो : तेथें खर्च किती पडतो आणि खोळंबा किती होतो. मुंबईहून अमेरिकेस जातांना फ्रँकफुर्ट किंवा आम्स्टरडॅम येथें विमान बदलणारा आजचा उतारू हाच हिशेब मांडतो. हा हिशेब विमानांच्या युगांत जन्मला असें कोणास वाटेल. परंतु त्याचा फार जुना दाखला ठाणें जिल्ह्यांतच, कल्याणच्या खाडीवर सांपडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें हिंदी महासागरांतील बंदरांची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तींत भडोचेच्या दक्षिणेस सोपारा व कल्याण हीं बंदरें क्रमानें सांगितलीं आहेत. कल्याणची जागा मोठी सोयीची होती. जुन्नरकडील माल नाणेघाटानें कोंकणांत उतरला कीं उल्हास नदीवरील हें बंदर जवळ पडे. त्या घाटांत सातवाहनांचा लेख कोरलेला असून तेथील दगडी रांजण जकातीचा होता, असें परंपरा सांगते. ठरलेली जकात व्यापारी मुकाट्यानें भरतो. त्याला धास्ती असते ती अडवणुकीची.

ती अडवणूक पुढें झालीच. पेरिप्लसकार लिहितो कीं, थोरल्या ‘सरगन’ राजाच्या काळीं कल्याण ही रीतसर मान्य पेठ होती. पण ती ‘संदन’ नांवाच्या सत्ताधीशाच्या हातीं गेल्यावर बंदराची कोंडी झाली, आणि तेथें लागलेलें ग्रीक गलबत पहाऱ्यांत भडोचेस नेलें जाण्याचें भय उत्पन्न झालें. त्याच ग्रंथांत पैठणचा माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, वीस दिवसांच्या वाटेनें भडोचेस जात असल्याचें वर्णन आहे. जवळचें बंदर निरुपयोगी ठरलें म्हणजे काय होतें, तें यावरून दिसतें.

तथापि कल्याण नामशेष झालें नाहीं. कान्हेरीच्या दानलेखांत तेथील रहिवाशांचे उल्लेख आहेत, आणि सहाव्या शतकांत कॉस्मस यानें त्याची गणना मोठ्या व्यापारी पेठांत केली.

पुढें वाहन बदललें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, आणि १ मे १८५४ रोजीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. येथून फुटलेले दोन फांटे सह्याद्रि चढले : भोर घाटाचा मार्ग १८६३ सालीं व थळ घाटाचा १८६५ सालीं खुला झाला. जुन्या बंदराचें जंक्शन झालें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनास निघालें, तेव्हां मधल्या मुक्कामाचा प्रश्न आकाशांत गेला. कल्याणची जागा दोन हजार वर्षांत हललेली नाहीं. पेठ भरली किंवा ओसरली ती तेथील कारभारामुळें. युरोपांतील मोठ्या विमानतळांनाहि यांतून सुटका नाहीं. भाडें वाढलें आणि रांगा लांबल्या, कीं आजचा उतारू त्या व्यापाऱ्याप्रमाणेंच दुसरी वाट धरतो.