शिशाची गोळी, टोपी आणि काडतूस : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सन १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी जनता निःशस्त्र झाली, हे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की त्याची फोड करण्याची गरज कोणास वाटत नाही. निःशस्त्र झाली म्हणजे नेमके काय हातातून गेले? बंदूक म्हणजे केवळ नळी आणि दस्ता नव्हे. तिला गोळी लागते, दारू लागते आणि ती दारू पेटविण्याचे साधन लागते. या तिहींपैकी गोळी घरच्या चुलीवर तयार होत असे, दारू कष्टाने का होईना पण देशात होत असे. पेटवण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखान्यातूनच येऊ लागले. शस्त्रकायद्याचा खरा प्रभाव या तिसऱ्या दुव्यावर पडला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी कर्जत-खालापूरचा पट्टा निवडला आहे.

चौकजवळचे लोधिवली हे खालापूर तालुक्यातील गाव. एका अंगास इर्शाळगड व प्रबळगड, दुसऱ्या अंगास पाताळगंगेचे खोरे आणि मधून पनवेलहून बोरघाटाकडे जाणारा जुना रस्ता. घाटमाथ्यावर जाणारा समुद्रापारचा माल पनवेल बंदरात उतरून याच वाटेने वर चढे. याच तालुक्यात उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली. दाट झाडीत आणि अरुंद वाटेत तोफखान्याचा उपयोग नसतो. तेथे उपयोग असतो तो पायदळाच्या हातातील तोड्याच्या बंदुकीचा. त्या बंदुकीला गोळी लागे ती शिशाची.

गोळी ओतण्याची विद्या

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात, लोखंडाला १५०० हून अधिक. हा फरक केवळ रसायनशास्त्राचा नाही, तो सत्तेच्या रचनेचाही आहे. लोखंडी तोफगोळ्यासाठी भट्टी, भाते, कारागीर आणि त्यांना पोसणारे सरकार लागते. माधवराव पेशव्यांच्या काळात आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना काढावा लागला तो यामुळेच. शिशाला लाकडाचा जाळ आणि लोखंडी पळी पुरते. दगडाचा किंवा धातूचा दोन फाळ्यांचा साचा मिटावा, वरच्या छिद्रातून रस ओतावा, क्षणभराने साचा उघडावा, गोळीला चिकटलेले शेपूट छाटून टाकावे, इतकीच ही कृती. पहिल्या काही गोळ्या साचा थंड असल्याने सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा पळीत टाकल्या की काम झाले. शिशात थोडे कथील मिसळले तर रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो आणि गोळी किंचित कठीण होते. कथील तर कल्हईच्या निमित्ताने बाजारात असेच.

मापाची पद्धतही गोळीवरूनच ठरलेली होती. एका पौंड शिशातून नळीच्या व्यासाच्या जितक्या गोळ्या होतील तो त्या बंदुकीचा आकडा. आज आपण सहजपणे 'बारा बोअर' म्हणतो त्याचा मूळ अर्थ हाच : पौंडाला बारा गोळ्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३८ ग्रॅम. हाताने घडविलेल्या नळ्या एकसारख्या नसत, म्हणून ज्याची बंदूक त्याचा साचा. साचा हरवला तर शेजाऱ्याची गोळी चालेलच याची खात्री नसे. शिशाचा आणखी एक गुण असा की ते वाया जात नाही. झाडात रुतलेली किंवा शिकारीच्या अंगातून निघालेली गोळी पुन्हा चुलीवर जाई.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. या घरगुती विद्येचे वर्णन करताना गावगाडा शस्त्रांच्या बाबतीत स्वयंपूर्ण होता, असा निष्कर्ष उत्साहाच्या भरात काढला जातो. तो टिकत नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकात शिशाच्या खाणी नाहीत. महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफा आणि बंदुकांसाठी शिसे घेतल्याचे ऑर्म लिहितो. म्हणजे स्वराज्याची गोळी स्वराज्यात ओतली जाई, पण तिची धातू टोपीकरांच्या गलबतातून येई. दारूचे दुखणे निराळे होते. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यातील दारू, बाण, होके ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हास द्यावेत, असे बजावले आहे. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात ही सूचना किती व्यवहारी होती हे लोधिवलीसारख्या गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. शिसे वर्षानुवर्षे पडून राहिले तरी बिघडत नाही. दारू एका पावसाळ्यात ओल धरते. तरीही सोरा, गंधक, कोळसा आणि शिसे ही चारही द्रव्ये अनेक हातांतून फिरणारी होती. एकाच ठिकाणी बोट ठेवून ती बंद करता येत नसत.

पेटवण परक्याच्या हाती

तोड्याच्या बंदुकीला जळती वात पुरे, चकमकीच्या बंदुकीला गारगोटी. १८४० च्या सुमारास ब्रिटिश लष्कराने टोपीची बंदूक स्वीकारली. तांब्याच्या चिमुकल्या टोपीत आघाताने पेट घेणारे स्फोटक द्रव्य असते. ते चुलीवर होत नाही. पुढे एनफील्ड बंदुकीचे, गोळी व दारू कागदात एकत्र बांधलेले, नवे काडतूस आले. (हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, तसाच 'पिस्तूल'ही.) १८५७ च्या काडतुसांविषयी आपण धर्मभावनेच्या अंगाने पुष्कळ वाचतो. त्याला आणखी एक अंग आहे. स्वतः ओतलेल्या गोळीला काय फासले आहे हे शिपायास ठाऊक असते. दुसऱ्याने बांधून दिलेल्या काडतुसाविषयी त्याला विश्वासच ठेवावा लागतो. तो विश्वास तेथे उरला नव्हता.

त्यानंतर धातूचे काडतूस आले : गोळी, दारू आणि टोपी एकाच आवरणात. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि १८६९ मध्ये घाटापलीकडे खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. खालापूरच्या डोक्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाने मुंबई बंदर आणि खडकी जोडली गेली. हिंदी पलटणींच्या हाती मात्र गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक ठेवण्याचे धोरण सांभाळले गेले.

कायद्याने काय वगळले

१८७८ च्या अकराव्या कायद्यातील दारूगोळ्याची व्याख्या या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तीत टोप्या आहेत, बंदुकीच्या गारगोट्या आहेत, दारूगोळ्याचे सर्व भाग आहेत आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही आहे. मात्र शिसे, गंधक आणि सोरा यांचा समावेश होत नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. ही उदारता नव्हती. कोळ्याच्या जाळ्याला वजन शिशाचे, छापखान्याचा खिळा शिशाचा. अशा वस्तूवर देशभर परवाना बसविणे अशक्य होते. शिवाय गरज पडेल तेथे हीच द्रव्ये लष्करी सामग्री म्हणून कायद्याखाली आणण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलने राखून ठेवला होताच. शिसे मोकळे सोडूनही बंदूक मुकी करता येते हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

याच्या उलट चित्र त्याच दशकात अमेरिकेत दिसते. तेथे १८७३ साली विंचेस्टर कंपनीची तरफेने भरावयाची रायफल बाजारात आली. दस्त्याखालची तरफ खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत जाई. काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसत. मागच्याचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकत असल्याने गोळीचे तोंड चपटे ठेवावे लागे. रायफल सर्वस्वी कारखान्याची, परंतु कंपनी तिच्यासोबत गोळीचा साचा व काडतूस पुन्हा भरण्याची हत्यारेही विकत असे. पितळी आवरण जपून ठेवावे, नवी टोपी बसवावी, दारू घालावी आणि घरी ओतलेली गोळी वर दाबावी, हा रानातल्या वसाहतकाराचा नेहमीचा उद्योग झाला. म्हणजे धातूच्या काडतुसाने घरगुती गोळी आपोआप संपली, असे म्हणता येत नाही. तिकडे टोप्यांची डबी दुकानात मिळत होती. इकडे तिच्यासाठी परवाना लागत होता. यंत्राने जे केले नाही ते कायद्याने केले.

दोन उठाव

कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १८७९ मध्ये शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके यांचा उठाव झाला. मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने पनवेलजवळ पळस्पे व चिखली येथे धाडी घातल्या. लूट मोठी मिळाली. परंतु घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि नाईक गोळी लागून पडला. डोंगराची माहिती, माणसांची निष्ठा, पैसा हे सर्व त्या वेळी टोळीजवळ होते. सरकारी तुकडीच्या मागे खडकी होती.

१९४२ च्या उत्तरार्धात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांच्या आझाद दस्त्याने कर्जत परिसरातून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. तिचे मुख्य हत्यार बंदूक नव्हते. लोखंड कापावयाची करवत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. करवतीची निवड हा तत्त्वाचा भाग होता की नाइलाजाचा, यावर वाद घालता येईल. प्रस्तुत लेखकास त्यात पासष्ट वर्षांच्या कायद्याची छाया स्पष्ट दिसते. उंबरखिंडीच्या त्याच डोंगररांगेत पावणेतीनशे वर्षांनंतर लढणाऱ्यांना शिसे दुर्मिळ नव्हते, पण ते ओतून भरावे अशी बंदूक आणि पेटावी अशी टोपी त्यांच्या हाती सहजासहजी येणारी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्रकायद्याने १८७८ चा कायदा रद्द केला. नव्या व्याख्येतही दारूगोळ्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्री कायम राहिली, आणि केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील ते घटकही तीत येतील, असे कलम जोडले गेले. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आजही काही घरांत आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो.