काचपट्टीवरचे निदान

आम्ही सरकारी प्रयोगशाळेत डिप्लोमावर लागलेली माणसे. काचपट्ट्या रंगवायच्या आणि तपासणीसाठी डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हे आमचे काम. त्यातली एक तपासणी ‘पॅप’. हा एका माणसाच्या आडनावाचा तुकडा आहे, हे आम्हांलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील किमी या गावी झाला. १९१३ मध्ये ते पत्नीसह न्यूयॉर्कला आले. डॉक्टर असूनही आधी गालिच्यांच्या दुकानात नोकरी केली. बाईंनी बटणे शिवली. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी पाहता पाहता तोच अभ्यास स्त्रियांमध्ये करावा, असे त्यांना सुचले. पत्नी आंद्रोमाकी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. प्रयोगशाळेतल्या मदतनीसही त्याच.

स्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. त्याच सुमारास रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही हेच दाखवले. पण तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी कशाला, म्हणून जाणकारांनी दुर्लक्ष केले. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ आला, तेव्हा वैद्यकजगत वळले. मुंबईचे टाटा रुग्णालयही १९४१ चेच.

यातली मोठी गोष्ट अशी, की पेशी बिघडलेल्या असतात, पण खालचा पातळ पडदा त्यांनी ओलांडलेला नसतो. तेव्हा सहसा काही दुखत नाही, खुपत नाही. पॅपने संशय येतो, तुकड्याच्या तपासणीने खात्री होते, आणि बहुतेकदा तेवढाच भाग काढून बाई बरी होते.

जुन्या निजाम राज्यातल्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. एकदाच केलेल्या पॅपने तेवढी घट दिसली नाही. तंत्र पुढे गेले. लक्षण नसतानाच तपासावे, हे सूत्र मात्र तेच राहिले.

आमच्याकडे कित्येक जणी रक्तस्राव सुरू झाल्यावरच येतात. ‘काही होत नाही, मग कशाला?’ असे आम्हीही घरी म्हणत आलो. यंदा गौरीची ओटी भरताना आईला, वहिनीला, मावशीला एवढे विचारू या: तपासणी झाली का?