साष्टीची ओवी आणि नवख्रिस्त्यांचे घर

गोव्याच्या साष्टी महालात, म्हणजे मडगाव-रायतूरच्या परिसरात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट पाद्र्यांनी धर्मप्रसाराचे काम हाती घेतले, त्या काळातील खरा अवघड प्रश्न बाप्तिस्म्यानंतरचा होता. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली, जुन्या पुराणांच्या वाचनास मनाई झाली, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर पोथी ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या कुटुंबांच्या हाती उरली ती केवळ ‘दोतोर्न’, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या रूपाने पाठ करावयाची धर्मशिक्षा. दोतोर्नीतून श्रद्धेचे सिद्धांत कळत. परंतु घरातल्या वृद्धांना रमवणारी, मुलांच्या कानांवर सहज पडणारी कथा तिच्यात नव्हती.

१५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीचा प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे: चर्चमध्ये पाद्री मुलांना दोतोर्न शिकवीत असता एक ब्राह्मण पुढे येतो आणि विनवितो की, जुनी पुराणे वर्ज्य झाली असतील तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही द्यावे. ही मागणी ग्रंथकर्त्याने श्रोत्याच्या तोंडी घातली असली तरी तिच्यामागची निकड कल्पित मानण्याचे कारण नाही, कारण पुढचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण हे त्या निकडीलाच दिलेले उत्तर आहे.

१६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र येते, तर त्यातील अध्यायांना ‘अवस्वरू’ म्हटले आहे. नागरी खिळे उपलब्ध नसल्याने छपाई रोमन अक्षरांत झाली. भाषा मात्र मराठी, कोकणी शब्दांचा हात धरून चालणारी, आणि स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’ हाच. फुलांमध्ये मोगरी आणि सुवासांत कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, अशी तिची थोरवी स्टीफन्स यांनी गायिली आहे, आणि परदेशातून आलेल्या माणसाने हे इतक्या मनापासून लिहावे, हे आजही वाचकाला हेलावून टाकते. त्याहून महत्त्वाची ठरली ती छंदाची निवड. ओवी ही पोथीतली तशीच जात्यावरचीही असल्याने निरक्षर बाईलाही तिची चाल परकी वाटत नसे, आणि एकाने म्हणावे व इतरांनी ऐकावे अशी तिची रीत असल्याने एका प्रतीवर अनेकांची भूक भागत असे. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होई.

१६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्याआधी १६२९ मध्ये एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर तशाच धाटणीचे पुराण छापले होते. पण पोर्तुगीज राज्यकर्त्यांचे धोरण याच्या उलट दिशेने गेले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचे फर्मान काढले, आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणाऱ्या न्यायपीठाने, थेट स्वयंपाकघरापर्यंत हात घातला: लग्नातली गाणी, अंगाला हळद लावणे, अंगणातली तुळस, इतकेच काय, मीठ न घालता भात शिजवणेही निषिद्ध ठरले. धर्म दैनंदिन जीवनात उतरवण्याचा हा दुसरा मार्ग होता, आणि तो कठोर असूनही अपुरा पडला. लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी गोव्यातील आणि मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत गाण्यांसह टिकून राहिला.

गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी क्रिस्तपुराणही जपले, आणि १९०७ मध्ये जोसेफ सालदान्हा यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती मंगळूरलाच प्रसिद्ध केली. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून प्रकाशित केले, तेव्हा रायतूरच्या पहिल्या छपाईला ३४० वर्षे झाली होती.