जावळीचे अरण्य : एक सजीव तटबंदी

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी जिंकली व पुढे प्रतापगड उभारला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी येथील निबिड अरण्याने अफझलखानाच्या घोडदळाची कोंडी केली. मराठी पायदळास मात्र त्याच झाडीने आडोसा दिला. हेच तत्त्व रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त नियमरूपाने आढळते. गडाभोवतीची झाडी वाढवावी, तीतील काठीही तोडू देऊ नये. गडावर फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत, कारण प्रसंगी त्यांचे लाकूड उपयोगी पडते, असे त्यात सांगितले आहे. दगडी तटाची वारंवार डागडुजी करावी लागते; झाडी राखली की स्वतःच वाढते. २०२५ मध्ये प्रतापगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि केवळ तटबुरुजांचे जतन केल्यास या दुर्गरचनेचे निम्मे अंग उपेक्षितच राहील.