रक्ताची साक्ष

मधुमेहाची पहिली परीक्षा मुंग्यांनीं केली. मूत्राला त्या लागतात, हें चरककाळच्या वैद्यांनीं हेरलें होतें. गळ्यावरचा गलगंड तर कोणासहि दिसे. शरीराच्या आंत काय बिघडलें, तें मात्र शतकानुशतकें कळलें नाहीं.

१९१४ च्या नाताळांत केंडॉल ह्या अमेरिकन संशोधकानें थायरॉइड ग्रंथीचें सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें केलें. १९२२ मध्यें टोरोंटोंत मधुमेहानें खंगलेल्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचलें, आणि तो वांचला. औषधें हातीं आलीं; पण रक्तांतील हे रस इतके सूक्ष्म, कीं मोजतां येईनात. १९६० मध्यें यालो व बर्सन ह्यांनीं ती अडचण दूर केली. इन्शुलिन ओळखूं यावें म्हणून त्यांनीं त्यास किरणोत्सर्गी आयोडिनाची खूण लावली. थायरॉइड ज्या आयोडिनावर जगते, तेंच मधुमेहाच्या कामीं यावें, ही मौजच!

मुंबईजवळ तुर्भ्यास १९५६ मध्यें 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ मध्यें परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलें. हिरोशिमाची धास्ती ताजी असतां, थायरॉइडचे रोगी तेथें अणूपासून उपचार घेऊं लागले.

दरम्यान एन्झाइमें, म्हणजे विकरें, पुढें आलीं होतीं. बहुतेक विकरें पेशींच्या आंत राबतात. रक्तांत तीं वाढलीं, तर कोठें तरी पेशींस इजा झाली असें वैद्य समजतो. हृदयाच्या झटक्यानंतर असें एक विकर वाढतें, हें १९५४ मध्यें दिसून आलें. पण हा साक्षीदार फसवाहि आहे. थायरॉइड मंदावली, कीं स्नायू जड होतात आणि त्यांतील क्रिएटिन कायनेज रक्तांत वाढतें. हृदयाचा संशय घ्यावा, तर दोष गळ्यांतील ग्रंथीचा! ती अति चालली, तर हाडांची उलथापालथ होऊन अल्कलाइन फॉस्फटेज चढतें. मधुमेह्याच्या यकृतांत चरबी सांचते, त्याचें विकर रक्तांत उतरतें, आणि मद्यास कधीं न शिवलेल्या गृहस्थास नको ते प्रश्न ऐकावे लागतात.

१९७१ मध्यें स्वीडनांत एंगवाल व पर्लमन ह्यांनीं किरणोत्सर्गी खुणेऐवजीं विकराचीच खूण वापरली. ह्या पद्धतीस अणुभट्टी लागत नाहीं. म्हणून हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवच्या थकलेल्या शेतकरणीची थायरॉइड तपासणी परळास न जातां होऊं शकते. बोटाच्या थेंबावरून साखर सांगणाऱ्या पट्टीवरहि विकरच बसलेलें असतें.