शेपटीसकट जन्मलेला हक्क

शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा विषय निघाला की अमेरिका आठवते. पण हाच हक्क एकदा आपल्याही राज्यघटनेच्या उंबरठ्यापर्यंत येऊन माघारी गेला आहे.

त्याचं कुळ इंग्लंडचं. राजा दुसऱ्या जेम्सने प्रॉटेस्टंटांची शस्त्रं काढून घेतली, ही तिथली मोठी तक्रार होती. तो गेल्यावर 1689 च्या हक्कांच्या सनदेत प्रॉटेस्टंट प्रजेला स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याची मुभा मिळाली. पण आपापल्या दर्जाला साजेसं आणि कायदा परवानगी देईल तेवढंच. हक्क जन्मला तोच शेपटीसकट.

हे बियाणं अमेरिकेत रुजलं. 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती अवघ्या 27 इंग्रजी शब्दांची. तिची सुरुवात नागरी सैन्यदलाच्या गरजेने होते, शेवट हक्काला धक्का न लावण्याच्या हुकमाने. ‘कायद्याच्या अधीन’ ही शेपूट मात्र गळाली आणि अटींचं भांडण कोर्टात गेलं. 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क व्यक्तीचा ठरवला. तो अमर्याद नाही, असंही त्याच निकालात बजावलं.

आपल्याकडची शाखा अपमानातून फुटली. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. हत्यार ठेवायचं तर परवाना हवा. युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनात मागितलं ते या कायद्यात फेरफार करणं, तो मुळासकट उपटणं नव्हे. 1928 च्या नेहरू अहवालात आणि 1931 च्या कराची ठरावातही नागरिकाला शस्त्राचा हक्क होता, पण त्यासाठी केलेल्या नियमांना धरून. 1930 मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मागितले होते, तेही जनतेच्या नियंत्रणाखाली. अहिंसेच्या पुजाऱ्याने परवाना मागावा याचं नवल वाटतं. पण गाठ बंदुकीची नव्हती, विश्वासाची होती. आमच्यावर मर्यादा घाला, पण ती आम्ही घातलेली असू दे, एवढंच म्हणणं.

म्हणूनच डिसेंबर 1948 मधली संविधान सभेतली खडाजंगी वाचण्यासारखी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी कराची ठरावाची आठवण देत मूलभूत हक्कांत शस्त्राचा हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. सार्वजनिक शांततेसाठी सरकारला निर्बंध घालता येतील, ही शेपूट त्यांनीही जोडली होती. डॉ. आंबेडकरांनी काँग्रेसची ती जुनी मागणी नाकारली नाही. परक्या सरकारने गुलाम प्रजा बंड करील या भीतीने शस्त्रं नाकारली, तेव्हा ते ठराव झाले. ती परिस्थिती आता उरलेली नाही, असं ते म्हणाले. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेता आलं तर राज्य चालायचं कसं? आग्रह धरायचा तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती बारगळली.

घटनेत शस्त्राच्या खुणा तेवढ्या राहिल्या. कलम 19 मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. कलम 25 च्या स्पष्टीकरणात शिखांची कृपाण आहे. बाकी सारं साध्या कायद्याकडे गेलं. 1878 चा कायदा जाऊन 1959 चा आला, पण परवाना राहिला. पुढे एका माणसाला तीन बंदुकांची मर्यादा आली. 2019 मध्ये ती दोनवर आणली गेली.

शस्त्राला मर्यादा असाव्यात का, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे कधी नव्हताच. मर्यादा सगळ्यांना सारखी आहे का आणि ती कोण घालतं, एवढंच त्यांनी विचारलं. आजही निवडणूक लागली की कितीतरी परवानाधारकांना आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. मत देताना कुणाच्या खांद्यावर ती दिसू नये म्हणून. लिटनच्या राज्यात मात्र काढून घेण्याची सत्ता होती आणि मत नव्हतं.